लागर, गव्हाची, आयपीए की स्टाउट: आपली बिअर ओळखायची कशी

म्हापशाहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "इतकी वर्षं एकच थंडगार लागर पीत आलो. आता बारच्या कार्डावर पिल्सनर, विट, हेफेवायझन, आयपीए, स्टाउट अशी नावं दिसतात. आयपीए घेतली, ती कडूजहर लागली. गव्हाची घेतली, तिला पिकलेल्या केळ्याचा वास आला, ती बिघडली होती का? आणि शॅकवर बेचव लागणारी लागर घरी बरी का लागते? माझ्यासाठी यांतली कोणती?"

केळ्याचा वास हा बिघाड नव्हता, ती बिअर तशीच असते. आयपीएचा कडवटपणाही ठरवून आणलेला असतो. शॅकवरच्या लागरबद्दल मात्र तुमचा संशय बहुधा बरोबर आहे, ती खरोखरच बिघडलेली असावी. या तीन गोष्टी मनात एकत्र राहिल्या की माणूस चांगल्या बिअरला नावं ठेवतो आणि शिळ्या बिअरची सवय करून घेतो. म्हणून आवडीनिवडीकडे वळण्याआधी ती चव बिअरच्या जातीची की बिघाडाची, हे ओळखायला शिकावं लागतं. गोव्याच्या उन्हात तर फारच.

बिअरमध्ये मुळात चारच वस्तू: पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्सची फुलं आणि यीस्ट. माल्ट गोडवा, रंग आणि अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) देतं. हॉप्स कडवटपणा आणि सुगंध देतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करतं, आणि जाता जाता स्वतःचे वासही सोडतं. लागर आणि एल हा मोठा भेद या यीस्टमुळे पडतो, रंगामुळे नाही. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांवर सावकाश काम करतं आणि नंतर बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरवतात. थंडीत यीस्ट वास कमी सोडतं, त्यामुळे लागर स्वच्छ, सरळ लागते. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांवर झपाट्याने चालतं आणि फळांचे, मसाल्यांचे वास मागे ठेवतं. मार्च-एप्रिलमध्ये उराकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, पेला नाकाशी नेऊन ही कुठल्या भट्टीची असेल असा अंदाज करणाऱ्या गोवेकराला हा फरक कळायला वेळ लागू नये. नाक तयारच असतं, फक्त बिअर नाकापर्यंत न्यायची सवय नसते.

आता एकेक जात. आपल्याकडे जी 'साधी बिअर' म्हणून मिळते ती हलकी लागर. त्यात माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर घातलेली असते, त्यामुळे अंग पातळ राहतं. कडवटपणा मोजायचं एकक आयबीयू. या लागरमध्ये तो १० ते १५ च्या घरात असतो. उकाड्यात तहान भागवायला ती उत्तम, आणि ती आवडते म्हणून कुणी ओशाळायचं कारण नाही. चांगली हलकी लागर बनवणं अवघड काम आहे, कारण दोष झाकायला तिच्यात काहीच नसतं.

पिल्सनर हीसुद्धा लागरच, पण कडवटपणाने आणि हॉप्सच्या गवतासारख्या, फुलांसारख्या सुगंधाने भरलेली. १८४२ मध्ये बोहेमियातल्या प्लझेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ती पहिल्यांदा केली. तिथलं पाणी अतिशय मऊ, साट्स हॉप्स सौम्य, आणि माल्ट फिकट. या तिन्हींमुळे सोनेरी, स्वच्छ बिअर झाली. मूळ झेक पिल्सनरचा कडवटपणा ४० आयबीयूच्या आसपास जातो. आपल्याकडे लेबलवर 'पिल्सनर' छापलेलं असलं तरी आतली बिअर बहुतेकदा हलक्या लागरच्याच जवळची असते. त्यामुळे 'मला पिल्सनर आवडते' एवढ्यावरून काही कळत नाही, कोणती ते विचारावं लागतं.

गव्हाच्या बिअरमध्ये दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि कार्डावर दोघींनाही नुसतं 'व्हीट' म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. जर्मन हेफेवायझनमध्ये किमान निम्मा माल्ट गव्हाचा असतो आणि यीस्ट खास असतं. ते आयसोअमिल ॲसिटेट तयार करतं, तोच तुम्हाला आलेला केळ्याचा वास. सोबत ४-व्हिनिल ग्वायकॉल तयार होतं, त्याला लवंगेचा वास असतो. आंबवण्याचं तापमान वाढलं की केळं पुढे येतं, उतरलं की लवंग. म्हणजे एकाच ब्रुअरीची बिअर एका खेपेला केळ्याची आणि दुसऱ्या खेपेला लवंगेची लागू शकते. दुसरी परंपरा बेल्जियन विट. तिच्यात माल्ट न केलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल असते. ही शैली जवळजवळ संपली होती. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये हूगार्डनमध्ये ती पुन्हा सुरू केली. केळं आवडलं नाही म्हणून गव्हाच्या सगळ्या बिअरवर काट मारू नका, विट घेऊन पाहा. दोघींचा कडवटपणा १० ते २० च्या आत असतो.

दोघी गढूळ असतात आणि तसंच असायला हवं. तळाशी बसलेलं यीस्ट चवीचा भाग आहे. बाटलीतली शेवटची दोन बोटं बिअर उरली की बाटली हलकेच गोल फिरवायची आणि तो गाळ पेल्यात ओतायचा. सरळ ओतून तळ फेकून दिला तर निम्मी चव फेकली.

आयपीएवर थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल'; नावात इंडिया असलं तरी ती इथली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीची फिकट, हॉप्स भरपूर घातलेली एल जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालून भारतात येत असे. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ब्रुअऱ्या या बाजारात उतरल्या. बर्टनच्या पाण्यात सल्फेट जास्त आहे, त्याने कडवटपणा कोरडा आणि धारदार होतो. हॉप्स जिवाणूंना रोखतात म्हणून लांबच्या प्रवासात त्यांचा उपयोग झाला, हे खरं. पण दुसरी बिअर प्रवासात टिकतच नव्हती म्हणून आयपीए शोधली, ही गोष्ट खरी नाही. काळी पोर्टरही भारतात त्याच जहाजांतून येत होती.

आजच्या आयपीएचा कडवटपणा साधारण ४० ते ७० आयबीयू. तुम्हाला ती जहर लागली याची दोन कारणं संभवतात. एक म्हणजे १२ आयबीयूच्या लागरवरून तुम्ही थेट ६० वर उडी मारली. मधल्या पायऱ्या, म्हणजे खरी पिल्सनर आणि पेल एल, राहून गेल्या. दुसरं, ती जुनी असावी. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घातले आणि तासभर उकळले की कडवटपणा देतात; उकळीच्या शेवटी किंवा आंबवल्यानंतर थंड बिअरमध्ये घातले की संत्रं, आंबा, पाइनसारखा सुगंध देतात. हा सुगंध फार नाजूक असतो. उबेत दोन-तीन महिने पडलेल्या आयपीएतून तो सगळ्यात आधी उडतो आणि कडवटपणा तेवढा मागे उरतो. मग प्यायणाऱ्याला वाटतं की आयपीए म्हणजे नुसता काढा. आयपीए घेताना डब्यावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गढूळ, ज्यूससारखी दिसणारी 'हेझी' आयपीए यांतली सर्वांत मऊ: ओट्स आणि गव्हामुळे अंग जाड, कडवटपणा कमी जाणवणारा, वास फळांचा. कडवटपणाची भीती वाटत असेल तर सुरुवात तिथून करा. गोव्यात सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' ही आयपीएच आहे. ताजी आणि नीट थंड ठेवलेली मिळाली तर इथल्या इथे या शैलीची ओळख होते.

स्टाउट काळी असते ती भाजलेल्या बार्लीमुळे, आणि कॉफी, कडू चॉकलेट हे वासही तिथलेच. 'काळी म्हणजे कडक' हा समज सोडून द्या. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असतं, आपल्या साध्या पिवळ्या लागरपेक्षाही कमी. आंबट बिअर अजून कमी ठिकाणी मिळते. पण ज्यांची जीभ सोलकढीवर वाढली आहे त्यांनी मीठ आणि धणे घातलेली जर्मन गोझे दिसली तर सोडू नये.

राहिली स्ट्राँग, म्हणजे जास्त अल्कोहोलची बिअर. तिचा खरा हिशेब नीट कुणी सांगत नाही. ६५० मिलीची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल. तीच बाटली ८ टक्क्यांची असेल तर ५२ मिली. ४२.८ टक्क्यांच्या रमचा ६० मिलीचा पेग म्हणजे सुमारे २५.७ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक मोठी बाटली रमच्या दोन मोठ्या पेगांइतकी झाली, आणि तीही तहान लागलेली असताना भराभर प्यायली जाते. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. एका स्ट्राँग बाटलीने ती सहज ओलांडली जाते. स्कूटर घेऊन आला असाल तर ती बारवरच राहू द्या. आणि गोव्यात २१ वर्षांखालच्यांना दारू देता येत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

चवीच्या बाजूने पाहिलं तर स्ट्राँगमध्ये साखर किंवा तांदळाचा भाग जास्त, कडवटपणा अगदी कमी. कोमट होताच गोडसरपणा आणि अल्कोहोलचा झणका वर येतो, म्हणूनच ती बर्फासारखी थंड पितात. ती आवडत असेल तर आवड स्ट्राँगची आहे की गोडसर आणि जाड अंगाची, हे तपासा. दुसरं असेल तर जर्मन बॉक किंवा अंबर एल तुम्हाला जास्त समाधान देईल.

आता शॅकवरची लागर. बिअरचे शत्रू तीन: ऊन, उष्णता आणि तेलकट पेला. समुद्रकिनाऱ्यावर तिन्ही एकत्र भेटतात.

उजेडात हॉप्समधल्या कडू द्रव्यांचं विघटन होऊन गंधकयुक्त थायॉल तयार होतं. त्याला जळक्या रबरासारखा, उग्र वास असतो. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच; डबा पूर्ण अडवतो. थेट उन्हात पेल्यातली बिअर काही मिनिटांतच बिघडते. शॅकवर बसायचं तर डबा किंवा तपकिरी बाटली मागा, एका वेळी थोडी ओता आणि पेला सावलीत ठेवा. हिरव्या बाटलीतल्या बिअरची 'खास चव' म्हणून अनेकांना जी आवडते, ती कितीदा तरी हाच बिघाड असतो.

उष्णतेचं काम हळू पण पक्कं. उबेत बिअर प्राणवायूशी जुळून जुनी होते आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. या धंद्यातला ठोकताळा असा: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस यांत बिअर सारखीच म्हातारी होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठवडाभर ठेवलेले क्रेट या हिशेबात घालून पाहा. एकदा थंड केलेली बाटली पुन्हा कोमट झाली की बिअर नासते, असं सर्रास म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. तापमान वरखाली झाल्याने नासत नाही, उबेत किती काळ गेला त्याने नासते. बाजारातून घरी नेईपर्यंत कोमट झाली तर घाबरू नका, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. दुकानात फ्रिजमधलीच घ्या, उत्पादनाची तारीख पाहा. लागर तीन महिन्यांच्या आतली, आयपीए शक्यतो दोन महिन्यांच्या आतली.

तिसरी गोष्ट पेला. फेस हा बिअरचा वास नाकापर्यंत नेणारा भाग आहे आणि तेल लागलं की तो बसतो. ज्या स्पंजने बांगड्याचा तवा घासला त्याच स्पंजने पेला घासला, की झालं. तळलेलं खाऊन तेलकट ओठांनी घोट घेतला तरी फेस विरतो, म्हणून ओठ पुसून प्यावं. पेला वेगळ्या स्पंजने धुवा, साबण उरणार नाही इतकं पाणी घाला आणि फडक्याने न पुसता जाळीवर पालथा घाला. तपासायचं तर आतून ओला करून चिमूटभर मीठ भुरभुरवा; जिथे तेल आहे तिथे मीठ चिकटत नाही. बिअर ओतल्यावर पेल्याच्या कडेला बुडबुडे चिकटून बसले तर तो स्वच्छ नाही. फ्रीझरमध्ये गोठवलेला पेला दिसायला छान, पण त्यातल्या बर्फाच्या कणांमुळे बिअर फसफसते आणि वितळल्यावर पातळ होते. बिअरमध्ये बर्फाचे खडे तर टाकूच नका.

नळाच्या बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर बहुधा नळ्या धुतलेल्या नसतात. नळ्या दर दोन आठवड्यांनी साफ व्हायला हव्यात. असा पेला शांतपणे परत करा, तुमचा हक्क आहे. लोण्याचा वास नळ्या स्वच्छ असतानाही आला तर बिअर पुरेशी मुरू न देता काढलेली असते. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे तीही कच्चीच.

थंड किती करायची? हलकी लागर ३ ते ५ अंश, पिल्सनर ५ ते ७, गव्हाची ६ ते ८, आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १२. आयपीए किंवा स्टाउट फ्रिजमधून काढून १० मिनिटं टेबलावर राहू द्या. अतिथंड बिअरमध्ये जीभ बधिर होते, वास दबतो आणि कडवटपणा तेवढा जाणवतो. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घाला. डबा १० मिनिटांत, मोठी बाटली २० मिनिटांत तयार. नुसत्या बर्फात हवेच्या पोकळ्या राहतात, म्हणून पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवली तर ४० मिनिटांचा गजर लावा. ५ टक्क्यांची बिअर उणे २ अंशांच्या आसपास गोठते आणि काच फुटते.

जेवणाबरोबरचा हिशेब इथे महत्त्वाचा, कारण आपलं ताट तिखट. हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. रेशाद बांगड्याबरोबर आयपीए घेतली तर दोघांचीही चव जाते. तिथे गव्हाची किंवा गोडसर अंबर हवी. रवा लावून तळलेल्या विसवणाला पिल्सनरइतकी जोड दुसरी नाही. वायू आणि कडवटपणा तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. सुंगटांच्या हुमणात धणे आहेत आणि विटमध्येही धणे आहेत, नारळाचा मऊपणा ती मोडत नाही. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यालाही तीच. शागोतीत खोबरं आणि मसाला भाजलेला असतो, म्हणून तिला भाजलेल्या माल्टची पोर्टर किंवा तपकिरी एल. कालवांबरोबर स्टाउट ही इंग्लंड-आयर्लंडची जुनी जोडी. इथली कालवं घेऊन जरूर करून बघा. बेबिंकाबरोबरही स्टाउटच: गोडाला तिचा भाजका कडूपणा पेलतो.

आवड शोधायची रीत आता सांगतो. चौघांनी मिळून ३३० मिलीचे पाच डबे आणा: लागर किंवा पिल्सनर, विट, हेफेवायझन, स्टाउट आणि आयपीए. प्यायचा क्रमही हाच. आयपीए शेवटी, कारण तिचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि पुढचं काही कळत नाही. प्रत्येकाला दर बिअरची ८० मिली, मध्ये पाणी आणि पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पोळीचा कोरडा तुकडा. चोरिस, लोणचं, फरसाण नंतर. आधी वास, मग दोन घोट, मग पाच मिनिटांनी पुन्हा दोन घोट. कागदावर चार रकाने: कडवटपणा, गोडवा, अंगाचा जाडपणा, वास. प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या आणि शेवटी फक्त एवढं लिहा, 'पेलाभर प्यावीशी वाटली का'. पाचही झाल्यावर हा शेवटचा रकाना बाकीच्यांशी ताडून पाहा. होकार मिळालेल्या बिअरमध्ये कोणता गुण समान आहे, ती तुमची खरी आवड. जातीचं नाव त्यानंतर.

एखाद्या ब्रँडवर फारच श्रद्धा असेल तर तीन पेल्यांची परीक्षा घ्या. दोघांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा, पिणाऱ्याचे डोळे बंद. वेगळा पेला ओळखायचा. अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येतंच, म्हणून तीन-चार वेळा करा. दोन हलक्या लागरमधला फरक बऱ्याच जणांना पकडता येत नाही, आणि तसं झालं तर स्वस्त आणि ताजी असेल ती बिनदिक्कत घ्यावी.

तुमच्या प्रश्नावरून माझा अंदाज असा की तुम्हाला कोरडी, स्वच्छ, कमी वासाची बिअर आवडते. येत्या शनिवारी ताज्या तारखेची खऱ्या कडवटपणाची पिल्सनर ६ अंशांवर, तळलेल्या मासळीबरोबर घ्या. ती जमली तर पुढच्या वेळी पेल एल, आणि ती दोन-तीनदा पिऊन झाली की मग पुन्हा आयपीए, हेझी आणि दोन महिन्यांच्या आतली. तेव्हाही ती कडूच लागली तर आयपीए तुमची नाही.